लिनक्स कंपनीत आणायचं, ते कुठल्या दारानं?

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातल्या 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' या कंटेनर टर्मिनलचे संगणक बंद पडले. यार्डात पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. पण कुठली पेटी कुठल्या रांगेत, कितव्या थरावर, कुणाची आणि कुठल्या बोटीवर चढवायची, हे सांगणारी यंत्रणाच मुकी झाली. या टर्मिनलचा कारभार डेन्मार्कच्या मेर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सकडे. युक्रेनमधल्या कंपन्या करविवरण भरायला 'एम. ई. डॉक' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा विध्वंसक प्रोग्राम सुटला, मेर्स्कच्या जगभर पसरलेल्या नेटवर्कमध्ये शिरला आणि बघता बघता उरण तालुक्यात येऊन पोहोचला. टर्मिनलवर हातानं काम सुरू झालं. वाटेत ट्रेलर तुंबू नयेत म्हणून बंदराचा कारभार पाहणाऱ्या जेएनपीटीला पार्किंगची वेगळी सोय करावी लागली आणि केंद्रीय मंत्रालयाला निवेदन काढावं लागलं.

मोरा बंदर, उरण, द्रोणागिरी, जासई, चिर्ले ते थेट पनवेलपर्यंतचा सगळा पट्टा आज याच बंदरावर जगतो. २६ मे १९८९ला न्हावा शेवा सुरू झालं आणि भातशेती, मिठागरं, खाजणं होती तिथं कंटेनर यार्ड, सीएफएस (कंटेनर फ्रेट स्टेशन), रिकाम्या पेट्यांची आवारं, ट्रान्सपोर्टर आणि क्लिअरिंग एजंटांची ऑफिसं उभी राहिली. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे एक छोटं नेटवर्क असतं: गेटवर एक संगणक, वजनकाट्यावर एक, हिशेबनिसांच्या खोलीत चार-सहा, डॉक्युमेंटेशनला दहा-पंधरा, कोपऱ्यात एक सर्व्हर आणि भिंतीवर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. सगळं एकाच स्विचला जोडलेलं. २०१७ साली जे मोठ्या टर्मिनलचं झालं, ते अशा नेटवर्कमध्ये कुठल्याही दिवशी होऊ शकतं, आणि त्यांच्यामागे मेर्स्कसारखी तालेवार कंपनी उभी नसते.

मेर्स्कलाही ते सोपं गेलं नाही. समूहाचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हॅगेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८मध्ये दावोसला जाहीरपणे सांगितलं, की दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. कुणाला कुठल्या संगणकात प्रवेश द्यायचा हे ठरवणारे त्यांचे डोमेन कंट्रोलर जगभर दीडशेच्या आसपास होते. ते एकमेकांची प्रत ठेवत असल्यामुळे सगळे एकदमच गेले. एक वाचला, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्याच्यातला डेटा माणसांनी हातोहात इंग्लंडला नेला आणि त्यावरून बाकीचं नेटवर्क उभं राहिलं.

या प्रकरणातून 'विंडोज वाईट, लिनक्स चांगलं' एवढाच धडा काढणारे भेटतात. तो चुकीचा आहे. नॉटपेट्याने ज्या भोकाचा फायदा घेतला, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७लाच दिला होता. पण पॅच न लावलेलं एक मशीन सापडलं तरी तेवढ्यावर त्याचं भागत होतं. त्या मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलून ते पॅच लावलेल्या शेजाऱ्याच्या घरातही किल्लीनं कुलूप उघडून जात होतं. लिनक्सचं म्हणाल, तर नॉटपेट्याच्या महिनाभर आधी, २४ मे २०१७ला, सांबा या ओपन सोर्स फाइल सर्व्हरमधलं एक गंभीर भोक जाहीर झालं होतं. ते २०१०पासून तिथं होतं. म्हणजे कोड सगळ्यांना वाचायला खुला असला, तरी सात वर्षं ते कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. प्रश्न एकाच जातीची यंत्रं, एकच पासवर्ड, एकच सपाट नेटवर्क आणि हाताशी नसलेला बॅकअप यांचा आहे. ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमचा खरा उपयोग या चारही गोष्टी आपल्या हातात आणण्यासाठी होतो, आणि मला ती लायसन्सच्या बचतीपेक्षा फार मोठी गोष्ट वाटते.

आता ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, ते थोडक्यात. जिचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदलून पुढे वाटता येतो, ती. यात दोन मोठी घराणी. एक लिनक्सचं: १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, आणि २५ ऑगस्ट १९९१ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक छोटा गाभा लिहीत असल्याचं कळवलं, दोन्ही मिळून आजचं लिनक्स. दुसरं बीएसडीचं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून आलेलं. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी ही त्यातली ठळक नावं. लिनक्सच्या परवान्यात अट अशी, की बदल करून वाटलंत तर कोडही द्या. बीएसडीत तीही अट नाही, म्हणून अनेक मोठ्या कंपन्यांच्या राउटरमध्ये बीएसडी आतल्या आत चालतं. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हाती लिनक्स पहिल्यांदा पडलं ते १९९६ साली 'पीसीक्वेस्ट' मासिकाने वाटलेल्या सीडीमुळे, कारण तेव्हाच्या टेलिफोन लाइनवर ते उतरवून घेणं अशक्यच होतं.

मालकांना ही गोष्ट सांगितली की ते म्हणतात, 'आमच्याकडे नाही हो असलं काही.' आहे. ब्रॉडबँडवाल्याने लावलेल्या राउटरमध्ये बहुधा लिनक्स आहे. यार्डात सर्व्हेअर पेटीचे फोटो काढतो त्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच गाभा आहे. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमध्येही बहुतेक वेळा तेच. फरक इतकाच, की ते बसवल्यापासून कुणी अपडेट केलेलं नाही आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने नेमके असेच कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या संकेतस्थळांचा रस्ता अडवला. तेव्हा ओपन सोर्स आणायचं की नाही हा प्रश्न मागे पडलेला आहे. ते आलेलंच आहे. सांभाळायला माणूस तेवढा नाही.

मग सुरुवात कुठून करायची? इथं बहुतेक कंपन्या चुकतात. कुणीतरी उत्साही माणूस लायसन्सचा खर्च वाचवायचा म्हणून थेट हिशेबनिसांच्या टेबलावरचा संगणक लिनक्सवर नेतो. टॅली विंडोजसाठी बनलेलं, त्याचं दुखणं सुरू होतं. कस्टम्सच्या आइसगेटवर कागद भरताना डिजिटल सहीचा टोकन लागतो. तो विंडोजवर बिनबोभाट चालतो, लिनक्सवर प्रत्येक आवृत्तीनुसार तपासून घ्यावा लागतो. जुनी मराठी पत्रं युनिकोडपूर्व फाँटमधली, ती उघडली की अक्षरांऐवजी भलतंच काही दिसतं. आठ दिवसांत ऑफिस हैराण होतं, सगळं पूर्ववत केलं जातं, आणि पुढची दहा वर्षं त्या कंपनीत लिनक्सचं नाव काढायची सोय उरत नाही. जर्मनीत म्युनिक शहराच्या पालिकेने २००३ साली हा निर्णय मोठ्या पातळीवर घेतला, हजारो टेबलांवरचे संगणक लिनक्सवर आणले, आणि २०१७ साली परत विंडोजकडे जायचं ठरवलं. त्यात राजकारण होतं, तसा कर्मचाऱ्यांचा रोजचा त्रासही होता.

माझं मत असं, की ज्या मशीनसमोर कुणी बसत नाही, तिथून सुरुवात करावी. आणि त्यातही सगळ्यात आधी नेटवर्कच्या दारावर, म्हणजे फायरवॉलवर.

यासाठी ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स ही फ्रीबीएसडीवर उभी असलेली तयार प्रणाली आहे. पीएफसेन्स २००४ साली सुरू झाली, ओपीएनसेन्स २०१५ साली तिच्यातून फुटून निघाली. दोन-चार नेटवर्क पोर्ट असलेलं, पंखा नसलेलं छोटं मशीन घ्यावं. उरणच्या खाऱ्या, दमट हवेत पंखा आणि धूळ हेच आधी दगा देतात. त्यावर ती बसवली की सगळा कारभार ब्राउझरमधून होतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्रॉडबँड लाइन जोडता येतात. पावसाळ्यात एकाची केबल कुठे तुटली तर रहदारी आपोआप दुसरीवर जाते, आणि एवढ्या एका गोष्टीनं मालक खूश होतो. पण खरं काम पुढचं आहे. पहिले पंधरा दिवस काहीही न अडवता फक्त नोंदी वाचाव्यात: कुठलं मशीन कुणाशी बोलतंय. हे वाचन शिकवून जातं. डीव्हीआर रात्री-अपरात्री परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरला साद घालतोय, वजनकाट्याचा संगणक इंटरनेटवर मोकाट आहे, कुणाच्या तरी संगणकावर परस्पर दूरस्थ प्रवेशाचं सॉफ्टवेअर चालू आहे, असं बरंच काही तिथं दिसतं.

मग कप्पे पाडायचे. जहाजाच्या तळाशी पाणी अडवणारे वेगवेगळे कप्पे असतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी जहाज तरंगत राहतं. नेटवर्कमध्ये हेच काम व्हीलॅन करतं. कॅमेरे एका कप्प्यात, गेट आणि वजनकाटा दुसऱ्यात, हिशेब तिसऱ्यात, पाहुण्यांचं वायफाय चौथ्यात. आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला फायरवॉलची परवानगी लागते. यासाठी व्हीलॅन समजणारा स्विच हवा. पूर्वी तो महाग पडे, आता तसं राहिलेलं नाही.

वजनकाट्याचं उदाहरण जरा जवळून बघू, कारण या पट्ट्यात ते जागोजागी आहे. १ जुलै २०१६पासून आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो बोटीवर चढत नाही. म्हणजे काट्याची पावती हा आता निर्यातीचा कागद झाला. पण काट्याचा इंडिकेटर सीरियल केबलने ज्या संगणकाला जोडलेला असतो, तो कित्येक ठिकाणी विंडोज एक्सपीच्या काळातला. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४लाच संपला. काट्याचं सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं तो सापडत नाही, म्हणून संगणक बदलता येत नाही. आणि बदलत नाही म्हणून तो नेटवर्कमधला सगळ्यात कच्चा दुवा होऊन बसतो. अशा वेळी त्याला हात लावू नये. त्याला एकट्याला एका कप्प्यात ठेवावं आणि फायरवॉलवर एकच नियम लिहावा: या संगणकाने फक्त सर्व्हरवरच्या डेटाबेसच्या एका पोर्टशी बोलायचं, बाकी सगळं बंद. इंटरनेट नाही, शेजारचा संगणक नाही, प्रिंटर लागला तर तोही त्याच कप्प्यात. पावती छापली जाते, वजन सर्व्हरवर पोहोचतं, आणि तो म्हातारा संगणक कुणाला लागण देऊ शकत नाही आणि कुणाकडून घेऊही शकत नाही. मोठ्या किमतीच्या फायरवॉलनेही हे साधतं. पण त्याचं दरवर्षीचं सबस्क्रिप्शन चुकलं की अनेकदा सुरक्षेची अर्धी सोय बंद पडते, आणि छोट्या कंपनीत ते एखाद्या वर्षी चुकतंच.

दारानंतर घड्याळ आणि वही. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण कायद्याने तो गळ्यात पडलेला आहे. सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची, नोंदी १८० दिवस जपायच्या, आणि सायबर हल्ला झाला तर सहा तासांत कळवायचं. डेबियन किंवा उबुंटू यांपैकी एखादं लिनक्स बसवलेल्या एका साध्या मशीनवर हे काम विनासायास होतं: क्रोनी घड्याळ जुळवतं, आरसिसलॉग फायरवॉलपासून स्विचपर्यंत सगळ्यांच्या नोंदी एका जागी गोळा करतं. त्याच मशीनवर झॅबिक्स बसवलं, तर कुठल्या सर्व्हरची डिस्क भरत आली आहे ते आधीच कळतं, आयत्या वेळी धावपळ होत नाही. आणि यूपीएसची यूएसबी केबल त्याला जोडून 'नट' नावाचं सॉफ्टवेअर लावलं, की वीज जाऊन बॅटरी संपत आली असता ते बाकीचे सर्व्हर शिस्तीत बंद करतं. वादळी पावसात रात्रभर वीज जाणाऱ्या गावात याचं मोल सांगायला नको.

तिसरी पायरी फाइल सर्व्हर. मला स्वतःला या सगळ्यात ही सर्वांत समाधान देणारी वाटते, कारण तिचा फायदा टेबलावर बसणाऱ्याला डोळ्यांनी दिसतो.

१९९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी सांबा लिहायला घेतलं. त्यामुळे लिनक्सचा सर्व्हर विंडोजच्या संगणकांना विंडोजचाच सर्व्हर वाटतो. हिशेबनिसांना नेहमीचा ड्राइव्ह दिसतो, त्यात नेहमीची फोल्डर दिसतात. मागे लिनक्स आहे की आणखी काही, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. डिसेंबर २०१२मध्ये आलेल्या सांबाच्या चौथ्या आवृत्तीपासून तो डोमेन कंट्रोलरचंही काम करू शकतो, म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड आणि परवानग्या एका जागी. विंडोज सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येकामागे वेगळं लायसन्स घ्यावं लागतं, ते इथं लागत नाही.

आता या सर्व्हरची डिस्क झेडएफएस पद्धतीने मांडली, तर एक गंमत होते. झेडएफएस जुन्या जागेवर कधीच लिहीत नाही. फाइल बदलली की नवा मजकूर नव्या जागी जातो आणि जुन्या जागेवरचं जपून ठेवायला सांगितलं असेल तर ते तसंच राहतं. या जपण्याला स्नॅपशॉट म्हणतात. तो घ्यायला क्षणही लागत नाही आणि बदललेल्या भागापुरतीच जागा खातो, म्हणून दर तासाला एक घेतला तरी चालतं. समजा, दुपारी चार वाजता डॉक्युमेंटेशनच्या ताईंकडून महिन्याच्या इन्व्हॉइसचं फोल्डर चुकून पुसलं गेलं. त्यांनी ड्राइव्हवर राइट क्लिक करायचं, विंडोजमधलंच 'प्रीव्हियस व्हर्जन्स' हे पान उघडायचं, तीन वाजताची प्रत निवडायची आणि फोल्डर परत ओढून घ्यायचं. आयटीवाल्याला फोन नाही, कुणाची बोलणी नाहीत.

आणि खंडणीखोर प्रोग्राम शिरला तर? तो त्या ताईंच्या संगणकावरून, त्यांच्याच परवानगीने, सर्व्हरवरच्या त्यांना दिसणाऱ्या सगळ्या फाइलींना कुलूप लावील. पण स्नॅपशॉट वाचता येतात, बदलता येत नाहीत. ते पुसायचे तर सर्व्हरच्या व्यवस्थापकाचाच पासवर्ड हवा, आणि तो ऑफिसातल्या कुठल्याही संगणकावर कधी टाकलेला नसला पाहिजे. ही अट पाळली, तर लागण झालेला संगणक बाजूला काढायचा, सर्व्हर तासाभरापूर्वीच्या स्थितीला न्यायचा आणि काम सुरू करायचं. तरीही एक प्रत सर्व्हरच्या बाहेर, आणि एक नेटवर्कच्याच बाहेर हवी. घानामधला सर्व्हर वीज गेल्यामुळे योगायोगानं वाचला. आपण तो योगायोग दर शुक्रवारी ठरवून घडवून आणायचा. बाहेरची हार्ड डिस्क जोडा, प्रत घ्या, केबल काढा, डिस्क कपाटात ठेवा.

एवढं स्थिरस्थावर झालं की मग टेबलांकडे वळायला हरकत नाही, आणि तिथंही सगळ्यांकडे नाही. गेटवरचा संगणक फक्त ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर उघडत असेल, तर तिथं लिनक्स सुखानं नांदतं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि जुन्या प्रोसेसरचे कित्येक संगणक विंडोज ११ घेत नाहीत. यंत्र धडधाकट असताना ते भंगारात द्यायचं की उबुंटू घालून आणखी काही वर्षं गेटवर वापरायचं, हा प्रश्न आता खरोखरचा आहे. मराठीची अडचण आता फारशी राहिलेली नाही: लोहित फाँट सोबत मिळतात, इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून असतो. जुन्या फाँटमधली पत्रं मात्र एकदा बसून युनिकोडमध्ये आणावीच लागतात, आणि ते काम विंडोजवर राहिलात तरी आज ना उद्या करायचंच आहे.

हे सगळं मोठ्यांनाही पटलेलं आहे. समोरच्या किनाऱ्यावर, मुंबईत, १८७५पासून चालत आलेल्या शेअर बाजाराने २०१३-१४मध्ये डॉइच बर्झच्या सहकार्याने लिनक्सवर चालणारी 'बोल्ट प्लस' ही सौदा-यंत्रणा आणली. नोव्हेंबर २०१७पासून जगातले सर्वांत वेगवान ५००च्या ५०० महासंगणक लिनक्सवर आहेत. केंद्र सरकारने २०१५ साली ओपन सोर्सला प्राधान्य देणारं धोरण जाहीर केलं, आणि २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारलेली 'माया' प्रणाली आणायचं ठरवलं. ही उदाहरणं मालकांना धीर द्यायला उपयोगी पडतात. पण बाजाराकडे शंभर अभियंते आहेत आणि आपल्या यार्डात एक मुलगा, हे विसरून चालत नाही.

फुकट आहे म्हणून आणू नका, असं मी पहिल्या बैठकीतच सांगेन. लायसन्सचे पैसे वाचतात हे खरं, पण त्यातला मोठा भाग माणसावर, त्याच्या शिक्षणावर आणि गरज पडेल तेव्हा बाहेरच्या आधारावर खर्च व्हायला हवा. रेड हॅट आणि उबुंटूमागची कॅनॉनिकल या कंपन्या याच आधाराचे पैसे घेतात, आणि अडल्या वेळी ते द्यावेत. ओपन सोर्समध्येही मालकाची मर्जी फिरते. डिसेंबर २०२०मध्ये रेड हॅटने जाहीर केलं, की सेंटओएस ८ ही २०२९पर्यंत चालेल अशी समजूत असलेली आवृत्ती ३१ डिसेंबर २०२१ला बंद होणार. जगभर हाहाकार झाला. पण कोड खुला होता, म्हणून काही महिन्यांत रॉकी आणि अल्मा हे दोन पर्याय उभे राहिले आणि सर्व्हर जागच्या जागी तिकडे वळवता आले. याच्या शेजारी, एका मशीनवर अनेक आभासी सर्व्हर चालवण्याचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हीएमवेअरची गोष्ट ठेवून पाहा. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. ज्यांचं सगळं त्यावर होतं, त्यांना वर्षाचा नवा हिशेब मान्य करणं किंवा मुक्काम हलवणं एवढंच उरलं. कित्येक जण डेबियनवर उभ्या असलेल्या प्रॉक्समॉक्सकडे गेले.

धोक्याची बाजूही सांगायला हवी. २९ मार्च २०२४ला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरमध्ये लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे शोधताना 'एक्सझेड' या छोट्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. तो घटक एकच थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, आणि कुणीतरी त्याचा विश्वास दोन वर्षं कमावून हे केलं होतं. बहुतेक स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोहोचण्याआधी पकडलं गेलं. म्हणून कंपनीच्या सर्व्हरवर ताजी, चमकदार आवृत्ती घालायची हौस करू नये. डेबियनची स्थिर आवृत्ती किंवा उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती घ्यावी आणि सुरक्षेचे अपडेट मात्र एक दिवसही मागे ठेवू नयेत.

राहता राहिला माणूस. उरण-पनवेलच्या गावांनी या बंदरासाठी आणि नव्या मुंबईसाठी जमिनी दिल्या, जानेवारी १९८४मध्ये जासईच्या आंदोलनात गोळ्याही झेलल्या. त्यांच्या मुलांच्या वाट्याला यार्डात बहुतेकदा सुरक्षारक्षकाची, ड्रायव्हरची किंवा मजुराची नोकरी येते, आणि संगणकाचं काम वार्षिक देखभालीचा करार घेणाऱ्या मुंबईच्या एखाद्या एएमसीवाल्याकडे जातं. तो पूर्वी भरती-ओहोटी सांभाळून मोरा बंदरात लाँचने उतरायचा, आता अटल सेतूवरून गाडीने येतो, पण येतो तो बिघाड झाल्यावरच. लिनक्स शिकायला महागडा कोर्स लागत नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सच्या आज्ञांपासून लिब्रेऑफिसपर्यंतचे धडे मराठी आवाजात फुकट आहेत. सरावाला एखादा जुना संगणक पुरतो. डिप्लोमा केलेली इथली एखादी मुलगी वर्षभरात हे नेटवर्क सांभाळायला तयार होऊ शकते, अट एवढीच की तिला ऑफिस सुटायच्या आधीचे दोन तास त्यासाठी मोकळे द्यायला हवेत आणि प्रिंटरचा कागद अडकला म्हणून दर दहा मिनिटांनी उठवायला नको.

तिने पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. फायरवॉलवरचा प्रत्येक नियम कधी आणि कशासाठी लिहिला, कुठली केबल कुठल्या पोर्टला, सर्व्हर कसा बसवला, सगळं तिच्यात. व्यवस्थापकाचे पासवर्ड बंद पाकिटात मालकाच्या तिजोरीत. आणि सहा महिन्यांतून एकदा, एखाद्या रविवारी यार्डात काम कमी असताना, मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून दुसऱ्या मशीनवर कपाटातल्या डिस्कवरून सगळं उभं करून पाहावं. पहिल्या खेपेला दिवस जाईल. कुठलं फोल्डर प्रतीत आलंच नव्हतं, कुठला पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता, ते त्याच वहीत उतरवावं, आणि त्या यादीतलं एकेक काम सोमवारपासून हातावेगळं करावं.